पंडिता रमाबाई आणि छापखान्यातले खिळे

स्मरणिकेसाठी लेख मागवताना आपल्या ग्रुपवर दोन सूचना आल्या होत्या. शाळेच्या आठवणी लिहा, नाहीतर शाळेत शिकलेल्या एखाद्या थोर व्यक्तीविषयी लिहा. आठवणी लिहिणारे वीस जण आधीच हात वर करून बसले होते, म्हणून मी दुसरी सूचना धरली. पंडिता रमाबाई निवडल्या, कारण इतिहासाच्या पेपरात त्यांच्यावर टीप लिहून मी पुरे गुण घेतले होते. आर्य महिला समाज, शारदा सदन, मुक्ती सदन ही तीन नावं लिहायची, मधे स्त्रियांचा उद्धार हे शब्द पेरायचे, झाली टीप. बाई, माफ करा, पण त्या टिपेतलं मला तेव्हा काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

दुसरं कारण छापखान्याचं आहे. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल.

आठवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अंबडमधल्या एका छोट्या छापखान्यात काम शिकायला जात होते. तुमच्यापैकी काहींना तो बोळ आठवत असेल. लग्नसराईत तिथून ट्रेडल मशीनची खटखट रात्री उशिरापर्यंत यायची. मालक वडिलांच्या ओळखीचे, मी त्यांना काका म्हणायची. भिंतीला तिरक्या लावलेल्या लाकडी केसेस, त्यांत लहान लहान खण, आणि प्रत्येक खणात शिशाचे खिळे. एका खणात नुसते क, एकात काने, एकात वेलांट्या, एकात अर्धा स, एकात क्ष. इंग्रजी जुळवणाऱ्याचं थोडक्यात भागतं, पण देवनागरीला मात्रा, रफार, जोडाक्षरं मिळून शेकडो खण लागतात. काका खणाकडे न बघता उजव्या हाताने खिळा उचलायचे आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावायचे. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं असतं, आणि ओळ जुळवायची ती डोक्यावर उभी करून. वाचायचं म्हणजे उलटं आणि पालथंही. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, ती बोटाला लागली की खिळा कुठल्या बाजूने धरलाय ते कळतं. तेवढाच काय तो आधार.

माझं काम सोपं होतं. छापून झालेल्या मजकुराचे खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. सातव्या दिवशी मी मूठभर ध घच्या खणात टाकले. नवव्या दिवशी एका पत्रिकेवर घनश्याम नावाच्या नवरदेवाचा धनश्याम झाला, आणि ते दोनशे पत्रिका छापून झाल्यावर लक्षात आलं. काका रागावले नाहीत. त्यांनी तो अख्खा खण माझ्यासमोर वर्तमानपत्रावर ओतला आणि तांदूळ निवडतात तसं निवडायला बसवलं. दहाव्या दिवशी निवडून झालं. अकराव्या दिवशी मी गेलेच नाही. डोळे दुखतात असं आईला सांगितलं.

पुढे औरंगाबादला इंजिनिअरिंग केलं, मग पुणे, आणि वीसेक वर्षं पडद्यासमोर गेली. गेल्या वर्षी आमचा प्रकल्प बंद झाला आणि चार महिने मी बिनकामाची होते. आमच्याकडे त्याला बेंचवर असणं म्हणतात. पगार येत होता, पण रात्री झोप येत नव्हती. आपल्याला एकच विद्या येते आणि तिला गिऱ्हाईक उरलं नाही तर आपल्या हातांना दुसरं काय येतं, हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला. शिवण येत नाही, बागकाम येत नाही, भाकरीसुद्धा नकाशासारखी होते. त्याच दिवसांत रमाबाईंनी स्वतःविषयी लिहिलेलं वाचायला घेतलं, आणि सुरुवातीच्याच पानांत अडकले. माझाच हिशेब तिथे मांडलेला होता, फक्त फार मोठ्या किमतीला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीत, गंगामूळ नावाच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी त्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या घरातल्या स्त्रीला संस्कृत शिकताना पाहिलं होतं, आणि आपल्याही बायकोला शिकवायचं मनात घेतलं होतं. त्यापायी धर्मसभेपुढे उभं राहावं लागलं, गावातून उठून रानात राहावं लागलं, पण त्यांनी लक्ष्मीबाईंना शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. पहाटे, मुलीला जवळ घेऊन, तोंडी. बाराव्या-तेराव्या वर्षी भागवताचे हजारो श्लोक मुलीला पाठ. घर असं नव्हतंच. तीर्थामागून तीर्थ, देवळाच्या ओट्यावर पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर राहायचं.

१८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. आपल्याकडे दुष्काळ कुणाला समजावून सांगायला नको. माझी आजी ७२ च्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडायला जात होती, आणि २०१२-१३ ला आपल्यातल्या किती घरच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या ते आपण पाहिलं आहे. आजी सांगायची, मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, पण हातोडा उचलता येत होता म्हणून जगलो. डोंगरे कुटुंबाला हातोडा उचलता येत नव्हता. जवळ होतं ते दानधर्मात आणि व्रतांत संपलं. मग भांडी गेली, मग रानातला पाला खायची वेळ आली. रमाबाईंनी पुढे स्वच्छ लिहून ठेवलं आहे, की भीक मागायला आणि मजुरी करायला आमचा कुळाचा आणि विद्येचा अभिमान आड येत होता, आणि पोटापुरतं मिळवून देईल असं एकही काम आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. घरात एवढी विद्या, आणि एक हात असा नाही ज्याला दोरी वळता येते किंवा कापड विणता येतं.

आधी वडील गेले. मग काही आठवड्यांत आई. आईला न्यायला चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या होत्या, तिरडी खांद्यावर घेतली तर ती एका बाजूला कलायची, म्हणून त्यांनी आपली बाजू डोक्यावर घेतली. स्मशान काही मैलांवर. मग थोरली बहीणही गेली. उरलेली दोघं भावंडं चालत निघाली ती थेट उत्तरेपर्यंत. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून झोपली. तेव्हा रमाबाईंची विशीही झाली नव्हती.

यापुढचा भाग टिपेत येतो, म्हणून भराभर सांगते. १८७८ ला कलकत्त्यात पंडितांनी परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० ला भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केलं, जात न बघता. त्यांच्याच पुस्तकांत रमाबाईंना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. दीड-पावणेदोन वर्षांत पती पटकीने गेले. हातात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. १८८२ ला पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि बायकांना स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. स्वतःही डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ ला इंग्लंडला गेल्या. पण कानाने साथ दिली नाही. बहिरेपण वाढत गेलं आणि डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला.

वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या. या भगिनी लंडनमध्ये, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवत होत्या. तिथे त्या बायकांना काम शिकवून पुन्हा उभं केलं जातं हे रमाबाईंनी पाहिलं, आणि असं आपल्या शास्त्रात का नाही हा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला दिली गेली. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथे आपल्याकडचे बरेच जण थांबतात. एक तर धर्म बदलला म्हणून नाराज होतात, नाहीतर तो भाग पटकन ओलांडून समाजसेवेवर येतात. दोन्हींत रमाबाई निसटतात असं मला वाटतं. त्यांची श्रद्धा खरी होती, आणि तिचा स्वभावही त्यांच्यासारखाच होता, म्हणजे सुखासुखी मान न डोलावणारा. वाँटेजच्या भगिनी आणि बिशप मंडळींशी त्यांचे वर्षानुवर्षं पत्रांतून वाद चालले. शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशासाठी, माझ्या देशाची संस्कृत अक्षरं का नकोत, असंही त्यांनी विचारलं. मला हा तपशील फार आवडतो. जिच्या डोक्यात अक्षरं इतकी पक्की बसलेली होती, ती बाई देवालाही आपल्या लिपीतच भेटणार. (आपल्या जिल्ह्यातही असा एक ब्राह्मण ख्रिस्ती झाला होता, आणि ते आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली, सालारजंगांकडून जमीन मिळवून. आपल्या वर्गातली एक मैत्रीण नाताळात जालन्याहून केक आणायची, तेव्हा आपण केक खाल्ला, काही विचारलं नाही.)

१८८६ ला त्या फिलाडेल्फियाला गेल्या, त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या त्या समारंभाला. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या बाई दोन वर्षांहून जास्त तिथे राहिल्या. त्यांनी भाषणं दिली, हिंदू उच्चवर्णीय स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला. हे सगळं टिपेत होतं. टिपेत नव्हतं ते हे, की त्या तिथे बालवाडीच्या शिक्षिकांच्या वर्गात जाऊन बसल्या. फ्रबेलची पद्धत. कागदाच्या घड्या घालायच्या, पट्ट्या विणायच्या, पुठ्ठ्याला भोकं पाडून दोरा ओवायचा, मातीचे गोळे करायचे. वय २८, कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलेली बाई, आणि कागदाची चटई विणायला शिकतेय. ऐकू कमी यायचं, म्हणजे शिक्षिकेच्या तोंडापेक्षा तिच्या हातांकडे बघूनच शिकावं लागलं असणार. त्यांनी ते खेळ म्हणून शिकलेलं नव्हतं. हाताला आधी काम लागलं की डोकं मागून येतं, ही गोष्ट त्यांनी तिथून उचलली आणि ३० वर्षं वापरली.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९३ ला वादळ उठलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि मुली येऊन बसत. केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीसहून जास्त मुली काढून नेल्या. मी आई आहे. विश्वासाने पाठवलेल्या मुलीबाबत पालकांना जे वाटलं ते मला समजतं. आणि काढून नेलेल्या विधवा मुली कुठल्या घरात परत गेल्या असतील, हेही समजतं. रमाबाईंनी दार बंद केलं नाही, सदनही बंद केलं नाही.

१८९६ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या १६ व्या वर्षी जे पाहिलं तेच आता समोर. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, इतक्या जणींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती, तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन. पुण्याहून जालन्याकडे येणारी गाडी दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशनातून जाते. मी वीस वर्षं त्या स्टेशनातून झोपेत गेले आहे.

१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता बघा, दोन हजार बायका-मुली, बहुतेक निरक्षर, आजारी, घाबरलेल्या, अन्न दिसलं की लपवून ठेवणाऱ्या. दुसऱ्या कुणी त्यांना नुसतं खाऊ घातलं असतं. रमाबाईंनी शाळेबरोबर प्रत्येकीला हाताचं काम लावलं. हातमागावर कापड, तेलाचा घाणा, शिवण, दूधदुभतं, शेती, धुणं, सैपाक. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवलं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या त्या यादीकडे बघताना मला दरवेळी गंगामुळाचं ते उपाशी पंडित कुटुंब दिसतं. यातलं एक जरी काम येत असतं तरी आई वाचली असती, असा विचार रमाबाईंच्या मनात येत नसेल हे मला खरं वाटत नाही.

या कामांतलं एक छापखान्याचं. मुक्तीचा स्वतःचा छापखाना होता आणि जुळारी मुलीच होत्या. तो माझा विषय, म्हणून जरा थांबते. त्या काळी पुण्या-मुंबईतसुद्धा कंपोझिटर म्हणजे पुरुष. इथे आदल्या वर्षी ग म भ न न येणारी मुलगी केससमोर उभी. तिला आधी सुलटं अक्षर ओळखायचं, मग तेच उलटं ओळखायचं. भ आणि म, थ आणि य, घ आणि ध, व आणि ब. सुलट्या अक्षरांतही चुकणारे आपण, इथे सगळं आरशातलं. एका दिवसात डोळे लाल होतात, बोटांची टोकं काळी पडतात आणि साबणाने निघत नाहीत. स्टिक हातातून सटकली की तासाभराचं काम जमिनीवर. विखुरलेल्या खिळ्यांकडे बघताना जे रडू येतं ते भुकेच्या रडण्यापेक्षा वेगळं असतं, एवढं मी माझ्या दहा दिवसांवरून सांगू शकते. मला अकराव्या दिवशी घरी बसता आलं. त्या मुली अकराव्या दिवशीही केससमोर होत्या, आणि मग वर्षानुवर्षं राहिल्या.

कारण त्यांच्यापुढे रमाबाईंनी आणून ठेवलेला मजकूर साधासुधा नव्हता. तो बायबल होता, अख्खा, ६६ पुस्तकांचा.

मराठीत बायबल आधीपासून होतं. पण ते रमाबाईंच्या मते मुक्तीतल्या बायकांना कळत नव्हतं. भाषा जड, आणि बरेच शब्द आपल्या संस्कृत धर्मग्रंथांतून आलेले. ऐकणारीच्या मनात भलताच अर्थ उभा राहायचा. हे ओळखायला संस्कृत पोटात मुरलेलं माणूस लागतं, आणि तसं त्या काळी मिशनमध्ये त्यांच्याइतकं कुणी नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की मुळातूनच करायचं. म्हणजे जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्यासाठी ग्रीक. वय पंचेचाळिशीच्या पुढे, म्हणजे आपल्या आजच्या वयाच्या. कान जवळजवळ गेलेले. दोन हजार जणींचा संसार डोक्यावर. अशात त्यांनी हिब्रूची अक्षरं गिरवायला घेतली, जी उजवीकडून डावीकडे जातात आणि ज्यांत स्वर टिंबांनी दाखवतात. शब्दकोश, व्याकरण, भाष्यं समोर ठेवून एकेका शब्दाचा पिच्छा पुरवायचा, मग त्याला आजीबाईलाही कळेल असा मराठी शब्द शोधायचा. संस्कृत शब्द सहज सुचायचा आणि तो खोडून टाकायचा. ज्या विद्येने त्यांना पंडिता केलं तीच विद्या रोज बाजूला ठेवायची.

हे काम १७-१८ वर्षं चाललं. आमच्या क्षेत्रात तीन वर्षं चाललेल्या प्रकल्पाला आम्ही म्हातारा म्हणतो.

रमाबाईंचा हात आणि जुळारी मुलींचे हात यांची मिळून एक साखळी होती. हस्तलिखित पान छापखान्यात जायचं, खिळे जुळायचे, प्रूफ निघायचं, ते रमाबाईंकडे यायचं, त्या चुका काढायच्या, शब्दही बदलायच्या. हस्तलिखितात शब्द बदलणं सोपं. जुळवलेल्या ओळीत एक शब्द लांबला की पुढच्या सगळ्या ओळी सरकतात, खिळे चिमट्याने काढून पुन्हा बसवावे लागतात. भाषांतर करणारी बाई काटेकोर असेल तर जुळाऱ्याचे हाल विचारू नका. मी कंपनीत मराठी मजकूर पडद्यावर नीट दिसावा म्हणून काही वर्षं काम केलंय. दुसऱ्या या शब्दातला तो अर्धा र जागेवर बसेना म्हणून तीन इंजिनिअर आठवडाभर डोकं धरून होते. मुक्तीतल्या मुलींना तो अर्धा र कुठल्या खणात आहे ते बोटांना ठाऊक असणार.

त्यांना हे कशाने जमलं, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला. चिकाटी म्हणून सोडून देता येतं, पण चिकाटी कुठून येते? रमाबाईंच्या बाबतीत उत्तर सरळ आहे, आणि माझी श्रद्धा ती नसली तरी ते मला टाळता येत नाही. त्यांच्या लेखी हे पुस्तक देवाचा शब्द होतं, तो चुकीचा पोचवणं हे पाप, आणि तो ज्यांना कुणी कधी काही वाचू दिलं नाही अशा बायकांपर्यंत पोचवणं ही प्रार्थना. खिळा जागेवर बसवणं आणि गुडघे टेकणं यांत त्यांनी फरक केला नाही. मुलींच्या दिवसात दोन्ही होतं. पहाटे प्रार्थना, मग केस. मला काकांनी तांदळासारखे खिळे निवडायला बसवलं तेव्हा समोर होती कुणाची तरी लग्नपत्रिका. कदाचित म्हणून मी पळाले. कदाचित नुसती आळशी होते. आई अजून तेच म्हणते.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. चाळिशीतली एकुलती एक मुलगी, जिला काम सोपवून निश्चिंत व्हायचं ठरलेलं होतं. रमाबाई ६३ वर्षांच्या, स्वतः आजारी. पहिल्यांदा आई, वडील, बहीण, मग भाऊ, मग पती, आणि आता ही. त्या पुन्हा प्रुफांकडे वळल्या. जुन्या कराराचं काम हातावेगळं झालं, आणि ५ एप्रिल १९२२ ला केडगावला त्यांचा मृत्यू झाला.

पुस्तक तेव्हा पुरं छापून झालेलं नव्हतं. पुढची दोन वर्षं छापखान्यातल्या मुली जुळवत राहिल्या, या वेळी प्रूफ दाखवायला रमाबाई नसताना. १९२४ ला संपूर्ण बायबल बाहेर आलं. एक खरं आहे ते सांगायला हवं, की चर्चमध्ये आधीचंच भाषांतर चालत राहिलं. रमाबाईंचं घरोघर पोचलं नाही. यश-अपयशाच्या तक्त्यात ते कुठे टाकायचं ते मला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर तक्ता मी आता बंद केला आहे. बेंचवरून मी पुन्हा कामावर लागले. शनिवारी शेजारच्या आजींकडे गोधडी शिवायला जाते. धावदोरा अजून सरळ येत नाही. अकरावा शनिवार होऊन गेला.

काकांचा छापखाना आता नाही. दिवाळीत त्या बोळात गेले तेव्हा तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. काकांच्या मुलाने माळ्यावरून एक केस खाली काढून दाखवली. धूळ, उंदरांच्या लेंड्या आणि तळाशी काही खिळे. मी एक उचलला, अंगठ्याने खाच चाचपली आणि उलटा धरून वाचायचा प्रयत्न केला. घ की ध, ते उजेडात नेल्याशिवाय कळलं नाही.

या लेखाचं प्रूफ मीच तपासलं आहे. तरी कुठे घनश्यामचा धनश्याम झालेला दिसला, तर ग्रुपवर जाहीर करू नका, मला एकटीला सांगा.